ओसाकात जोडप्याचा शनिवार-रविवार : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही दोघे अनेक वर्षे ओसाकात राहत असल्यामुळे पुण्या-मुंबईहून फिरायला येणारी, तसेच नोकरीनिमित्त टोकियोत राहणारी मराठी जोडपी या शहरातील दोन दिवसांविषयी आम्हाला सतत प्रश्न पाठवतात. त्यांपैकी पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न येथे एकत्र केले आहेत. एखादा मुद्दा दुसऱ्या उत्तरात आला असेल तर तो पुन्हा न लिहिता त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. दर बदलत असतात, म्हणून निघण्यापूर्वी ते एकदा पडताळून घ्यावेत.

१. दोन दिवसांत ओसाका खरोखर बघून होते का?

सगळे बघून होत नाही, पण शहराची ओळख नक्की होते; मात्र ते दोन्ही दिवस ओसाकालाच द्यायला हवेत. शहराला दोन केंद्रे आहेत. उत्तरेचे उमेदा, ज्याला इथले लोक ‘किता’ म्हणतात, आणि दक्षिणेचे नाम्बा-शिन्साइबाशी, म्हणजे ‘मिनामी’. मिदोसुजी ही लाल रंगाची मेट्रो या दोन केंद्रांना दहा मिनिटांच्या आत जोडते आणि पुढे तेन्नोजीला जाते. आम्ही सहसा असा क्रम सुचवतो : शनिवारी सकाळी किल्ला, दुपारी नाकानोशिमा बेटावर नदीकाठाने फेरफटका, सूर्यास्ताला उमेदा आणि रात्री कालव्याकाठचे दोतोन्बोरी, रविवारी सकाळी सुमियोशी ताइशा हे शिंतो देवस्थान, मग शितेन्नोजी हे बौद्ध मंदिर आणि शेवटी शिन्सेकाई ही खाण्यापिण्याची जुनी वस्ती. रविवारचा सगळा भाग दक्षिणेला असल्यामुळे संध्याकाळी विमानतळाकडे जाणेही सोपे पडते. दिवसाला तीनपेक्षा अधिक ठिकाणे ठरवली, तर स्थानकांचे जिने तेवढे लक्षात राहतात.

२. कोणत्या महिन्यात यावे?

मार्चअखेर ते एप्रिलचा मध्य हा चेरीच्या फुलांचा काळ, आणि नोव्हेंबरचा उत्तरार्ध हा मेपलची पाने लाल होण्याचा काळ. हे दोन्ही उत्तम आहेत. किल्ल्याच्या निशिनोमारू बागेतील फुले गळू लागली की एप्रिलच्या मध्यास सरकारी टांकसाळीच्या आवारातील उशिरा फुलणारी चेरी सुमारे आठवडाभर लोकांसाठी खुली होते. ही प्रथा १८८३ पासून चालू आहे, आणि हल्ली तेथे जाण्यासाठी आगाऊ नोंदणी करावी लागते. जुलै-ऑगस्टमधील दमट उकाडा मुंबईकरांनाही जड जातो. तरीही २४ आणि २५ जुलैच्या तेन्जिन उत्सवासाठी, नदीवरील नौकांच्या मिरवणुकीसाठी, तो सोसावा असे आमचे मत आहे. २९ एप्रिल ते ५ मे हा सुट्ट्यांचा आठवडा आणि ऑगस्टच्या मध्यातील ओबोन या पितरांच्या सणाचे दिवस मात्र टाळावेत. हॉटेलांचे दर तेव्हा फार चढतात.

३. व्हिसा आधीच काढावा लागतो का?

होय. भारतीय पासपोर्टवर जपानमध्ये उतरल्यावर व्हिसा मिळत नाही. २०२४ पासून भारतात राहणाऱ्यांना पर्यटनासाठी इलेक्ट्रॉनिक व्हिसा मिळू लागला आहे. हा व्हिसा विमानतळावर फोनवर प्रत्यक्ष उघडून दाखवावा लागतो, केवळ छापील प्रत पुरत नाही, म्हणून उतरल्याबरोबर इंटरनेट चालू राहील अशी सोय करून ठेवावी.

४. मुक्काम उमेदात करावा की नाम्बात?

केवळ दोन रात्री राहायचे असेल तर नाम्बा. विमानतळावरून येणारी नान्काई रेल्वे थेट तेथे येते, रात्रीचे दोतोन्बोरी पायी गाठता येते आणि शेवटची मेट्रो चुकण्याची काळजी राहत नाही (प्रश्न १७ पाहा). टोकियोहून शिन्कान्सेन या बुलेट ट्रेनने येऊन त्याच मार्गाने परतणाऱ्यांना उमेदा किंवा शिन-ओसाका सोयीचे वाटते, परंतु शिन-ओसाकाचा परिसर संध्याकाळी फिरण्यासारखा नाही.

५. ‘सेमी-डबल’ खोली म्हणजे काय? आणि लग्न झालेले नसेल तर खोली मिळते का?

सेमी-डबल म्हणजे साधारण १२० सेंटिमीटर रुंदीच्या एकाच पलंगाची खोली. छायाचित्रात ती प्रशस्त दिसते, प्रत्यक्षात मात्र दोन बॅगा उघडायला जागा उरत नाही. दोघांसाठी ‘डबल’ किंवा दोन वेगळ्या पलंगांची ‘ट्विन’ घ्यावी. इथे अनेक हॉटेले भाडे खोलीवर न आकारता माणशी आकारतात, म्हणून आरक्षण करताना दोन व्यक्ती असेच नोंदवावे; एकाच्या नावाने नोंदवून दोघे गेल्यास काउंटरवर अवघड प्रसंग येतो.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सरळ आहे : विवाहाचा दाखला कोणीही मागत नाही. जपानमध्ये पत्ता नसलेल्या प्रत्येक परदेशी पाहुण्याच्या पासपोर्टची प्रत हॉटेलला ठेवावी लागते, म्हणून दोघांचेही पासपोर्ट जवळ हवेत. खोलीचे भाडे ठरावीक रकमेच्या वर असेल तर ओसाका प्रांताचा माणशी, दररात्रीचा मुक्काम-कर वेगळा द्यावा लागतो. तो थोड्या येनांचाच असतो.

६. विमानतळावरून किंवा टोकियोहून कसे यावे?

कान्साई विमानतळ समुद्रात भराव घालून केलेल्या बेटावर आहे; तो १९९४ मध्ये सुरू झाला. नाम्बाला जाण्यासाठी नान्काईची निळी ‘रापीतो’ गाडी चाळीस मिनिटांच्या आत पोहोचवते, आणि साधी एअरपोर्ट एक्स्प्रेस थोडा अधिक वेळ घेऊन बऱ्याच कमी भाड्यात नेते. सामान बेताचे असेल तर साधी गाडी पुरेशी आहे. तेन्नोजी, ओसाका स्थानक किंवा शिन-ओसाका येथे जायचे असेल तर जेआरची (जपान रेल्वेची) ‘हारुका’ गाडी घ्यावी.

टोकियोहून ‘नोझोमी’ शिन्कान्सेनने शिन-ओसाका साधारण अडीच तासांत येते. ज्या बॅगेची लांबी, रुंदी आणि उंची यांची बेरीज १६० सेंटिमीटरपेक्षा अधिक भरते, तिच्यासाठी सामानाच्या जागेसह आसन आधी आरक्षित करणे बंधनकारक आहे. भारतातून आणलेल्या मोठ्या बॅगा बहुतेक वेळा या नियमात सापडतात.

७. दिवसाचा पास घ्यावा की प्रत्येक वेळी तिकीट काढावे?

दोघांनी प्रत्येकी एक इकोका किंवा सुइका हे आगाऊ पैसे भरून वापरायचे प्रवासकार्ड घ्यावे. एका कार्डावर दोघांना फाटकातून जाता येत नाही. मेट्रोचा ‘एन्जॉय इको कार्ड’ हा दिवसाचा पास इतर दिवशी ८२० येनांना, तर शनिवार-रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी ६२० येनांना मिळतो. मेट्रोचे किमान भाडे १९० येन आहे, त्यामुळे शनिवार-रविवारी दिवसात चार फेऱ्या होणार असतील तर हा पास परवडतो. एक अपवाद लक्षात ठेवावा : जेआर, नान्काई, हान्क्यू या रेल्वे आणि सुमियोशीला जाणारी हान्काई ट्राम या पासात येत नाहीत.

८. किल्ला सिमेंटचा आहे असे ऐकले. मग बघण्यासारखे काय आहे?

हा प्रश्न सह्याद्रीतील गड पायांखाली घातलेल्या वाचकांकडून हमखास येतो, आणि तो रास्त आहे. तोयोतोमी हिदेयोशी या सरदाराने १५८३ मध्ये हा किल्ला बांधायला घेतला. १६१५ मध्ये तोकुगावा या प्रतिस्पर्धी घराण्याने त्याच्या घराण्याचा पाडाव केला तेव्हा किल्ला जळाला. पुढे तोकुगावांनी जुना किल्ला मातीखाली गाडून त्यावर नवा उभारला, आणि त्याचा मुख्य मनोरा १६६५ मध्ये वीज पडून भस्मसात झाला. आज दिसतो तो मनोरा १९३१ मध्ये शहरवासीयांच्या वर्गणीतून सिमेंट-काँक्रीटमध्ये बांधलेला आहे. आत लिफ्ट आहे, संग्रहालय आहे, आणि सर्वांत वर सज्जा आहे.

परंतु खंदक आणि तटबंदी चारशे वर्षांपूर्वीची अस्सल आहे, आणि आमच्या मते किल्ल्याचा खरा ऐवज तोच आहे. साकुरामोन दरवाजातून आत गेल्यावर समोर ‘ताको-इशी’ नावाचा एकच दगड उभा दिसतो. त्याचा दर्शनी भाग सुमारे ६० चौरस मीटर आहे आणि वजन १०८ टन असावे असा अंदाज आहे; तो सेतो समुद्रातून जहाजावर वाहून आणला होता. असे दगड घडवून, चुन्याशिवाय एकमेकांत बसवून उभारलेला तट पाहताना मनोऱ्याचे वय विसरायला होते. गाडलेल्या मूळ किल्ल्याची भिंत १९५९ मध्ये उत्खननात सापडली, आणि एप्रिल २०२५ पासून ती जमिनीखाली उतरून पाहता येते. तिचे आणि मनोऱ्याचे एकत्र तिकीट प्रौढांना १२०० येन आहे.

शनिवारी दहानंतर तिकिटाची रांग वाढते, म्हणून नऊ वाजता दार उघडते त्या वेळी तेथे असावे. वेळ थोडा असेल तर मनोऱ्यात न चढता केवळ तट आणि खंदकाभोवती फिरावे. त्याला तिकीट लागत नाही.

९. सूर्यास्तासाठी उमेदा स्काय बिल्डिंग की आबेनो हारुकास?

उंचीचा विचार केला तर हारुकास सरस आहे. ३०० मीटर उंचीची ती इमारत २०१४ मध्ये पूर्ण झाली. तरीही दोघांनी मिळून संध्याकाळ घालवण्यासाठी आम्ही १९९३ च्या उमेदा स्कायकडे झुकतो. दोन उंच इमारती माथ्यावर जोडलेल्या आहेत, मधल्या पोकळीतून सरकते जिने अधांतरी वर जातात आणि १७३ मीटरवरची गच्ची उघडी आहे; काचेआडून न पाहता योदो नदीवर आणि खाडीवर उतरणारा प्रकाश अंगावर घेता येतो. नावे कोरलेले कुलूप अडकवण्यासाठी तेथे जोडप्यांकरिता खास कठडाही आहे. सूर्यास्ताच्या निदान एक तास आधी पोहोचावे. पाऊस किंवा जोराचा वारा असेल तर गच्ची बंद राहू शकते. अशा दिवशी हारुकासच निवडावे.

१०. दोतोन्बोरीत केवळ गर्दीच असते का?

गर्दी असतेच, आणि शनिवारी रात्री ती सर्वाधिक असते. १६१२ मध्ये खोदायला घेतलेल्या कालव्याच्या काठी नाटकघरे उभी राहिली, त्यांच्या मागोमाग खाणावळी आल्या, आणि तेव्हापासून हा भाग खाण्यासाठी आणि करमणुकीसाठीच ओळखला जातो. एबिसु पुलावरून दिसणारी धावत्या खेळाडूची पाटी मूळची १९३५ ची. आताची सहावी आवृत्ती २०१४ पासून आहे. तेथे छायाचित्र काढून झाल्यावर दोन मिनिटांच्या अंतरावरील होझेन्जी योकोचो या फरसबंद बोळात वळावे. बोळातल्या छोट्या देवळात फुदो म्योओ या देवतेची मूर्ती आहे. भक्त पिढ्यान्‌पिढ्या तिच्यावर पाणी घालत आल्यामुळे ती संपूर्ण हिरव्या शेवाळाने झाकली गेली आहे. पाणी घालून हात जोडण्याची ही रीत मराठी माणसाला समजावून सांगावी लागत नाही. कंदिलाच्या उजेडातील हा बोळ आम्हाला अख्ख्या दोतोन्बोरीपेक्षा प्रिय आहे.

११. आम्ही दोघेही शाकाहारी आहोत. ओसाकात खायला काय मिळेल?

सर्वाधिक पत्रे याच प्रश्नाची असतात. अडचण मांसाची कमी आणि ‘दाशी’ची अधिक आहे. दाशी म्हणजे जपानी स्वयंपाकाचा मूळ रस्सा. तो बहुधा सुकवलेल्या माशाचा कीस आणि कोम्बू हे समुद्री शेवाळ उकळून करतात. त्यामुळे भाज्यांचा दिसणारा उदोन, मिसो सूप, गोडसर तोफूच्या पिशवीतील इनारी सुशी, इतकेच काय पण उकडलेल्या भाजीची वाटीसुद्धा शाकाहारी असेलच असे नाही. ताकोयाकी आप्पेपात्रासारख्या साच्यात करतात हे खरे, पण आत ऑक्टोपसचा तुकडा असतो आणि पिठातही दाशी असते. ओकोनोमियाकी हे कोबी घातलेले जाड धिरडे असले, तरी त्याच्या पिठात अंडे व दाशी आणि वर माशाचा कीस असतो.

ओसाकाला कोम्बूचा मोठा वारसा आहे. एदो काळात (सतरावे ते एकोणिसावे शतक) उत्तरेच्या होक्काइदो बेटावरचे कोम्बू घेऊन जहाजे येथे येत असत, आणि त्यामुळे या शहराच्या चवीत कोम्बू मुरलेले आहे. म्हणूनच आधी कळवल्यास केवळ कोम्बूच्या दाशीचे जेवण करून देणाऱ्या जागा येथे मिळतात. पूर्ण शाकाहारी खाणावळी शिन्साइबाशी, नाम्बा आणि उमेदा परिसरात आहेत, आणि भारतीय उपाहारगृहेही पुष्कळ आहेत. जेवणापूर्वी म्हणायची दोन वाक्ये पाठ करावीत : ‘निकु मो साकाना मो ताबेमासेन’ (मांस आणि मासे दोन्ही खात नाही) आणि ‘कात्सुओ-दाशी मो दामे देस’ (माशाची दाशीही चालत नाही). केवळ ‘आम्ही शाकाहारी आहोत’ असे म्हटल्यास समोरचा माणूस प्रामाणिकपणे मासळीचा रस्सा वाढतो, कारण त्याच्या लेखी त्यात मांस नसते.

कांदा-लसूणही वर्ज्य असेल तर बौद्ध मठातील ‘शोजिन र्‍योरी’ हा उत्तम मार्ग आहे. त्यात उग्र वासाचे कांदावर्गीय पदार्थ घालत नाहीत. कंदमुळे मात्र त्यात असतात, हे जैन वाचकांनी ध्यानात घ्यावे. असे जेवण जिथे सहज मिळते त्याविषयी प्रश्न १६ पाहा.

शिन्सेकाईत कुशिकात्सु, म्हणजे काडीला लावून तळलेले तुकडे, खाताना सामायिक रश्शात काडी एकदाच बुडवायची, हा नियम फार कसोशीने पाळतात. तेथे कमळकाकडी, वांगी, कांदा मिळतो, पण तेल सर्वांचे एकच असते.

१२. युनिव्हर्सल स्टुडिओ या दोन दिवसांत बसेल का?

बसवता येईल, पण त्याला पूर्ण एक दिवस जाईल आणि शनिवार-रविवारची गर्दी सर्वांत मोठी असते. सोमवारची रजा काढता येत असेल तर तो दिवस तिकडे द्यावा. ओसाका प्रथमच पाहणाऱ्यांनी दोनच दिवस असताना तो सोडून द्यावा, असे आम्ही स्पष्टपणे सांगतो.

१३. ओसाकात राहून एक दिवस क्योतो किंवा नारा करावे का?

रेल्वेने ते सहज शक्य आहे. ओसाका स्थानकावरून जेआरची जलद गाडी अर्ध्या तासात क्योतोला जाते, आणि नाम्बाहून किंतेत्सु रेल्वेने नारा चाळीस मिनिटांवर आहे. तरीही क्योतोला एका दिवसात उरकणे हा दोन्ही शहरांवर अन्याय आहे. क्योतो पुढच्या खेपेसाठी राखून ठेवावे. गावाबाहेरची हिरवळ हवी असेल तर उमेदाहून हान्क्यूने अर्ध्या तासात मिनोओला जावे. स्थानकापासून ओढ्याकाठाने पाऊण तास चालले की ३३ मीटर उंचीचा धबधबा येतो, आणि वाटेवर पीठ लावून तळलेली मेपलची पाने विकायला असतात.

१४. पाऊस लागला तर?

तेन्जिन्बाशी-सुजी हा सुमारे २.६ किलोमीटर लांबीचा छप्पर असलेला बाजार भिजू न देता तासन्‌तास फिरवतो. त्याच्या उत्तर टोकाला गृहसंस्कृतीचे संग्रहालय आहे. त्यात एदो काळातील ओसाकाची गल्ली पूर्ण आकारात उभी केली आहे.

दुसरा पर्याय निप्पोन्बाशी येथील राष्ट्रीय बुन्राकु नाट्यगृह हा आहे. बुन्राकु म्हणजे ओसाकाचे बाहुलीनाट्य. पिंगुळीच्या कळसूत्री बाहुल्यांना असतात तसे दोरे येथे नसतात. एकेका बाहुलीला तीन माणसे प्रेक्षकांसमोर हाताळतात आणि बाजूला शामिसेनच्या साथीवर एकच निवेदक सगळ्या पात्रांचे बोलणे गातो. प्रयोग वर्षभर नसतात, म्हणून वेळापत्रक पाहावे. संपूर्ण प्रयोग कित्येक तासांचा असल्यामुळे केवळ एका अंकाचे तिकीट मिळते का, ते विचारावे. १७०३ मध्ये ओहात्सु आणि तोकुबेई या प्रेमिकांनी उमेदाजवळच्या देवळाच्या राईत एकत्र प्राण दिले, आणि त्यावर रचलेल्या नाट्याने या कलेला नवे वळण दिले. ते देऊळ ओहात्सु तेन्जिन या नावाने आजही आहे. प्रयोग पाहून तेथे गेलेल्या जोडप्यांना उंच इमारतींमधला तो छोटासा चौक वेगळाच भासतो.

१५. हात धरून चालणे, एकत्र उष्ण झऱ्यात स्नान करणे, यांविषयी काय रीत आहे?

हात धरून चालण्यास कोणाची हरकत नसते; सार्वजनिक ठिकाणी आलिंगन किंवा चुंबन मात्र लोक टाळतात. ओन्सेनमध्ये स्त्री-पुरुषांचे विभाग वेगळे असतात आणि तेथे वस्त्राविना उतरावे लागते. दोघांना एकत्र स्नान करायचे असेल तर ‘काशिकिरी’ म्हणजे तासाच्या भाड्याने मिळणारे खासगी कुंड शोधावे. गोंदण असलेल्यांनाही तोच मार्ग सोयीचा आहे.

सरकत्या जिन्यावर ओसाकात उजवीकडे उभे राहतात, टोकियोत डावीकडे. २७ जानेवारी २०२५ पासून शहरभर रस्त्यावर धूम्रपान करण्यास मनाई आहे आणि दंडही होतो. मिदोसुजी मार्गावर एक डबा कामाच्या दिवशी दिवसभर केवळ स्त्रियांसाठी असतो. शनिवार-रविवारी हा नियम लागू नसतो, पण शुक्रवारी आलेली किंवा सोमवारी निघणारी जोडपी गुलाबी खुणेकडे लक्ष न देता आत शिरतात आणि पतीला पुढच्या स्थानकावर डबा बदलावा लागतो.

१६. कोयासानला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा आहे ना? ओसाकाच्या दोन दिवसांत तिकडे जाता येईल का?

होय. कोयासान विद्यापीठाच्या आवारात बाबासाहेबांचा पुतळा आहे. त्याचे अनावरण सप्टेंबर २०१५ मध्ये महाराष्ट्राचे तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या हस्ते झाले. कोयासान वाकायामा प्रांतात आहे. त्या प्रांताचा आणि महाराष्ट्राचा सहकार्याचा करार २०१३ मध्ये झाला, आणि त्या संबंधांतून हा पुतळा तेथे उभा राहिला.

प्रश्न १३ मध्ये आम्ही ओसाका सोडून दूर न जाण्याचा सल्ला दिला आहे. कोयासान हा त्याला आमचा एकमेव अपवाद आहे, तोही एका अटीवर, की रात्र तेथेच काढावी. नाम्बाहून नान्काईने गोकुराकुबाशी, तेथून दोराने डोंगरावर ओढल्या जाणाऱ्या रेल्वेने पाच मिनिटे आणि पुढे बस, असे सगळे मिळून सुमारे दोन तास लागतात. डोंगरावरच्या स्थानकापासून गावापर्यंतचा रस्ता केवळ बसांसाठी आहे, त्यावर चालण्यास मनाई आहे. कुकाई या बौद्ध आचार्यांनी ८१६ मध्ये स्थापन केलेले हे क्षेत्र सुमारे ८०० मीटर उंचीवर आहे, आणि २००४ पासून ते जागतिक वारसा यादीत आहे. मंदिरातील ‘शुकुबो’ निवासात शोजिन र्‍योरीचे शाकाहारी जेवण मिळते आणि पहाटेच्या प्रार्थनेला बसता येते. जेवण संध्याकाळी साडेपाच-सहालाच वाढतात, म्हणून शनिवारी दुपारपर्यंत वर पोहोचावे. रात्री ओकुनोइनच्या दोन किलोमीटर वाटेवर, उंच जपानी सीडर वृक्षांखाली, दोन लाखांहून अधिक समाध्यांमधून दिव्यांच्या उजेडात दोघांनी न बोलता चालावे.

असे केले तर ओसाकाला शुक्रवारची रात्र आणि रविवारची दुपार एवढेच उरेल. मग किल्ला सोडून शुक्रवारी रात्री दोतोन्बोरी आणि रविवारी सुमियोशी ताइशा पाहावे. नान्काईनेच परतत असल्यामुळे ते वाटेवर पडते. तेथील चार मुख्य देवालये १८१० ची आहेत आणि राष्ट्रीय संपत्ती म्हणून जपली आहेत. पुढच्या कमानदार लाल पुलावरून शनिवार-रविवारी अनेकदा पारंपरिक वेशातील नवदांपत्य जाताना दिसते.

१७. रात्री शेवटची मेट्रो चुकली तर काय करावे?

मेट्रो मध्यरात्रीच्या सुमारास थांबते आणि पहाटे पाचच्या सुमारास पुन्हा सुरू होते. उमेदा ते नाम्बा हे अंतर साधारण चार किलोमीटर असून मिदोसुजी हा रुंद, सरळ, दिव्यांनी उजळलेला रस्ता आहे. त्यामुळे टॅक्सी न घेता तासाभरात चालत जाता येते. दोन्ही बाजूंच्या गिंको वृक्षांची पाने नोव्हेंबरअखेर पिवळी होतात, आणि त्या दिवसांत आम्ही स्वतः गाडी मिळत असतानाही ती सोडून हा रस्ता चालतो.